चौदा दिवसांची?

१५ ऑगस्टला कोल्हापुरात झेंड्याइतकाच जिलेबीला मान. भल्या पहाटे चौकाचौकांत मांडव पडतात, कढया चढतात आणि झेंडावंदन करून परतणाऱ्यांच्या हातातल्या पुड्यातून पाक गळत असतो. २६ जानेवारीलाही तेच. लहानपणी राष्ट्रीय सण म्हणजे माझ्या लेखी कडक इस्त्रीचा शर्ट आणि अर्धा किलो जिलेबी. १४ एप्रिललाही शाळेला सुट्टी असायची, पण ती आमच्या गल्लीत ‘त्यांची’ सुट्टी होती. असं कुणी तोंडानं म्हणत नसे. त्या दिवशी घरात जिलेबी येत नसे, एवढंच.

२२ मार्च २०२०, रविवार. जनता कर्फ्यू. संध्याकाळी पाचला मीही गच्चीवर जाऊन ताट वाजवलं. त्याच दिवशी इथून तासाभराच्या अंतरावर, माणगावात झालेल्या परिषदेला शंभर वर्षं पुरी होत होती, हे मला फार नंतर उमगलं. २१ आणि २२ मार्च १९२० ची ती बहिष्कृतांची परिषद. अध्यक्ष होते अठ्ठावीस वर्षांचे डॉ. आंबेडकर, आणि शाहू महाराज स्वतः तिथं गेले होते. या तरुणाच्या रूपानं तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला, असं महाराजांनी सांगितल्याचं आम्ही भाषणांतून ऐकत आलो. परिषदेत एक ठराव मात्र असा झाला होता, जो भाषणांत क्वचितच येतो: शाहू महाराजांचा वाढदिवस सणासारखा साजरा करावा. ज्यांना गावच्या सणात उंबऱ्याबाहेर जागा होती, त्यांनी आपला सण आपणच ठरवला.

त्या वर्षी पावसाळ्यात मला कोरोना झाला. माडीवरची खोली, दाराबाहेर स्टूल, स्टुलावर ताट. बायको ताट ठेवून चार पावलं मागं सरायची आणि मग मला हाक मारायची. जेवण झाल्यावर भांडी मीच धुवायची, वेगळी ठेवायची. सहाव्या-सातव्या दिवशी मला फार मोठं काही सुचल्यासारखं झालं आणि शाळेतल्या मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी टाकलं, ‘कोरोनानं आपल्या सगळ्यांना अस्पृश्यता म्हणजे काय ते दाखवलं.’ खाली जोडलेले हात, अंगठेबिंगठे बरेच आले. आमच्याच वर्गातला एक मित्र, एरवी ग्रुपवर फारसा न बोलणारा. त्यानं दोनच शब्द लिहिले: ‘चौदा दिवसांची?’

आधी राग आला, हे कबूल करतो. मग पडल्या पडल्या गावाकडची कपबशी आठवली. आमच्या घराच्या वळचणीला खोचलेली, कान तुटलेली, निळ्या फुलांची. रानात कामाला येणारी एक बाई होती. चहाच्या वेळी ती स्वतःच कपबशी काढायची, धुवायची, पुढं करायची. आजी वरून चहा ओतायची, किटली कपाला न टेकवता. हे मी रोज बघत होतो आणि मला त्यात बघण्यासारखं काही वाटत नव्हतं. माझ्या ताटाला तारीख होती. पंधराव्या दिवशी मी जिना उतरलो तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या.

त्या काळात ‘आपल्या पूर्वजांचं सोवळं म्हणजे शास्त्रच होतं’ असंही जोरात चाललं होतं. आमच्या नात्यातले एक गृहस्थ हे रोज पाठवत. अहो, विषाणूला अंतर लागतं, हात कुणाचा हे तो विचारत नाही. सोवळं तेवढंच विचारतं. १८९९ च्या कार्तिकात पंचगंगेवर स्नानाला गेलेल्या शाहू छत्रपतींनाही वेदोक्त नव्हे, शूद्रांसाठीचे पुराणोक्तच मंत्र, असं भटजींनी ठरवलं होतं. तेव्हा महाराजांना ताप नव्हता.

आणि खरी साथ आली तेव्हा? १९१८ च्या इन्फ्लुएंझानं गावंच्या गावं झोपवली. त्यानंतर काही महिन्यांतच, १९१९ च्या सुरुवातीला, करवीर दरबारचे हुकूम निघाले: दवाखान्यात अस्पृश्य रोग्याला इतरांसारखंच वागवायचं. त्याच वर्षी सप्टेंबरात अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून पोरं सरसकट सरकारी शाळांत बसवायचा हुकूम झाला. साथीमुळंच हे झालं असं मी म्हणत नाही. साथ येऊन गेल्यावर एका राज्यानं काय काढलं आणि आम्ही काय काढलं, एवढंच बघतोय.

गंगाराम कांबळ्यांची गोष्ट इथं सगळ्यांना पाठ आहे. राजवाड्याच्या पागेत नोकरीला असताना हौदाला शिवले म्हणून मार खाल्लेला हा माणूस. पुढं महाराजांच्या आधारानं त्यांनी भाऊसिंगजी रोडवर हॉटेल काढलं, आणि महाराज तिथं गाडी थांबवून चहा घेत, बरोबरच्यांनाही पाजत. ही गोष्ट आम्ही महाराजांची म्हणून सांगतो. गंगारामांची म्हणून सांगून बघा. रोज दूध तापवायचं, कप मांडायचे आणि कुणी पायरी चढतंय का बघत बसायचं.

माझी पुतणी टेक्सासात असते. जून २०२१ मध्ये तिचा फोन आला, ‘काका, इथं नवी सुट्टी सुरू झालीय, जूनटीन्थ. कसली असते ओ?’ मी शोधून सांगितलं. गुलामीतून सुटका झाल्याची बातमी तिच्याच राज्यातल्या गॅल्व्हेस्टनमध्ये १९ जून १८६५ ला पोचली, म्हणजे लिंकनच्या जाहीरनाम्यानंतर अडीच वर्षांनी. काळ्या लोकांनी तो दिवस दीडशेहून अधिक वर्षं आपापल्या घरी, चर्चमध्ये पाळला, तेव्हा कुठं अमेरिकेनं सुट्टी दिली. सांगता सांगता मीच अडखळलो. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ १८७३ साली अर्पण केली ती गुलामांना मोकळं करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. पुण्यातल्या त्या माणसाला जे दिसत होतं, ते मला पुतणीच्या सुट्टीमुळं बघावं लागलं.

६ मे २०२२. महाराजांना जाऊन शंभर वर्षं. सकाळी दहाला शंभर सेकंद सगळं कोल्हापूर जागच्या जागी थांबायचं ठरलं होतं. मी रिक्षात होतो. दहाला एक मिनिट कमी असताना रिक्षावाल्यानं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. ‘उतरा दादा. बसून नाही चालायचं.’ मी उतरलो. शेजारी भाजीची पाटी घेतलेली बाई, पलीकडं हेल्मेट काढून हातात धरलेला पोरगा. इतका गप्प रस्ता मी फक्त लॉकडाऊनमध्ये बघितला होता. तेव्हा माणसं नव्हती, आता होती. शंभर सेकंद बरेच असतात. माझ्या डोक्यात त्या कपबशीखेरीज काही येईना.

त्या १५ ऑगस्टला जिलेबी घेऊन गावी गेलो. वळचण कुठली राहायला, स्लॅब पडून वीस वर्षं झाली. काकूला विचारलं, ती निळ्या फुलांची कपबशी शेवटी कुठं गेली गं?

‘कसली कपबशी?’ जिलेबी ताटात काढत काकू म्हणाली. ‘आमच्यात असलं कधी नव्हतं बाबा.’