पुन्हा फॉरमॅट?

आधी तो लॅपटॉप मिट आणि इकडे बघ. लिनक्सचं उबंटू झालं, मिंट झालं, फेडोरा झालं, आता आर्च टाकून आलास. वर हसत सांगतोस, ‘सर, मी आपला कायमचा नवशिका!’ मिरवण्यासारखं काय आहे यात? जन्मभर नवशिका राहायला माझी हरकत नाही. ‘फाइंड’ कमांडचे ऑप्शन मीही दर वेळी मॅन्युअल उघडूनच बघतो. पण तुला मी नवशिका म्हणत नाही, पळपुटा म्हणतो. एरर दिसली की तुझे पाय पुढच्या डिस्ट्रोकडे वळतात. नाचता येईना अंगण वाकडं, हे ऐकलं होतं. तू तर दर खेपेला अंगणच बदलतोस!

परवा काय केलंस, सांग सगळ्यांना. राहू दे, मीच सांगतो. ‘ईटीसी’ डिरेक्टरीतली एक फाइल बदलायची होती. ‘परमिशन डिनाइड’ आलं. फाइल कुणाच्या मालकीची, तिच्यावर कुणाला काय हक्क, हे ‘एलएस -एल’ लावून पाहिलंस? छे! कुठून तरी उचललेली ओळ चिकटवलीस: सुडो, चमॉड, कॅपिटल आर, ७७७ आणि अख्खी ईटीसी. अरे, वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १, बेरीज ७. मालकाला ७, ग्रुपला ७, उरलेल्या झाडून सगळ्यांना ७. मशीनवरच्या कुठल्याही युजरने यावं आणि हवं ते खरडावं! पासवर्डचे हॅश ज्या ‘शॅडो’ फाइलीत असतात, तीही त्यातच आली.

मग सुडोच चालेना. कसं चालेल? आपली ‘सुडोअर्स’ फाइल कुणालाही लिहिता येतेय असं दिसलं की ते कामच नाकारतं, आणि का नाकारलं तेही सांगतं. तुला सांगितलंच होतं. तू मला काय म्हणालास? ‘काहीतरी इंग्रजीत आलं होतं, सर.’ काहीतरी! त्या ओळीत फाइलचं नाव होतं, दोष होता, सगळं होतं. आता अख्खी ईटीसी पूर्ववत करणं सोपं नाही, हे मान्य. शेवटी कदाचित पुन्हा इन्स्टॉलच करावं लागलं असतं. पण काय मोडलं ते कळून केलं असतंस. तू थेट पेन ड्राइव्ह शोधायला लागलास.

आणि वाचायला काही नव्हतं असंही नाही. १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सनने पीडीपी-७ वर युनिक्सची सुरुवात केली. त्याचं आणि डेनिस रिचीचं पहिलं मॅन्युअल नोव्हेंबर १९७१चं. चमॉडचं पान त्यातही आहे. पानांवर ‘बग्ज’ असं सदर आहे, आपल्याच प्रोग्रॅममध्ये कुठे खोट आहे ते सांगणारं. लिहिणाऱ्यांना खोट कबूल करायला संकोच वाटला नाही आणि तुला पान उघडायला कष्ट पडतात? बाकी इतिहास राहू दे, तो तुला तोंडपाठ आहे. टॉरवाल्ड्सच्या लिनक्सचं १९९१ तू झोपेतही सांगशील.

आता ऐक. आर्च टाकलंस ना, मग तेच राहील. मला विचारल्याशिवाय पुसायचं नाही. आज रात्री ‘मॅन चमॉड’ लाव आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाच. मग ‘यूएसआर’मधल्या ‘बिन’मध्ये जा आणि ‘पासडब्ल्यूडी’ या प्रोग्रॅमवर ‘एलएस -एल’ लाव. मालकाच्या ‘एक्स’च्या जागी ‘एस’ दिसेल. तो तिथे कशाला आहे आणि काढला तर साध्या युजरचं काय अडेल, हे उद्या वर्गात फळ्याशी उभं राहून सांगायचं. बस आता.