विवाहाची व्याख्या आणि व्याख्येबाहेरचे

स्मृतिकारांनी विवाहाचे आठ प्रकार सांगितले. आधुनिक कायद्यास मात्र नेमकी व्याख्या लागते. 'विवाह' या एका शब्दावर वारसा, पोटगी, कुटुंब-निवृत्तिवेतन, इतकेच नव्हे तर फौजदारी शिक्षाही अवलंबून असते. म्हणून व्याख्येची रेषा कोठे ओढावी, हा प्रश्न नैतिकही आहे.

महाराष्ट्रातील एक खटला पाहण्याजोगा आहे. एका गृहस्थाने पहिली पत्नी हयात असताना १९६२ मध्ये गांधर्व पद्धतीने दुसरे लग्न केले. खाली तो दोषी ठरला. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यास मुक्त केले. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यास विधिपूर्वक झालेलाच विवाह अभिप्रेत आहे. होम व सप्तपदी झाल्याचे सिद्ध झाले नाही, त्याऐवजी दुसरी रूढी असल्याचेही नाही; सबब दुसरा विवाह झालाच नाही, मग गुन्हा कसला? तर्क बिनतोड खरा. पण पहिलीची तक्रार वाऱ्यावर गेली आणि दुसरी तर कायद्याच्या लेखी कोणीच उरली नाही! पावित्र्यासाठी घातलेल्या कुंपणाचा आडोसा ते मोडणाऱ्यालाच मिळाला.

मद्रास राज्याने १९६७ मध्ये व्याख्या रुंदावली आणि पुरोहितावाचून, हार वा अंगठी घालून केलेला विवाहही वैध ठरविला. संसदेने १९७६ मध्ये निराळी वाट धरली: विवाह रद्दबातल असला तरी त्यातील संतती औरसच मानावी. व्याख्या तशीच ठेवून निरपराधांना तिच्या जाचातून सोडविण्याची ही रीत मला अधिक शहाणपणाची वाटते. मात्र ती पुरेशी नाही.

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी घटनापीठाने समलिंगी विवाहास मान्यता देण्याचे नाकारले व तो विषय संसदेचा मानला. एक शब्द बदलल्यास अनेक कायदे हलतील, ही अडचण खोटी नाही. परंतु ते कायदे तपासणे हे शासनाचे काम. त्याचा भार त्या जोडप्यांनी का वाहावा? आपल्या बडोदे संस्थानाने १९३१ मध्येच हिंदूंना घटस्फोटाची मुभा दिली, तेव्हाही जन्मजन्मांतरीचे बंधन ही विवाहाची कल्पना हललीच होती.

२०२४ मध्ये केंद्राने अशा जोडप्यांना संयुक्त बँक खाते व एकत्र शिधापत्रिका घेण्यास आडकाठी नसल्याचे स्पष्ट केले. कुटुंब-निवृत्तिवेतनाची फाईल मात्र अद्याप पती अथवा पत्नी यांच्याच नावाने पुढे सरकते.