बंद पडलेले आणि बंद केलेले

बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रातील लहान कारखान्यांत अधूनमधून असे एखादे काम येते, की ज्याचा मूळ नकाशाच कोणाजवळ नसतो. यंत्र बनविणाऱ्या कंपनीने ते मॉडेल काढणे केव्हाच थांबविलेले असते, सुटा भाग बाजारात मिळत नाही. मग झिजलेले दातेरी चाक हाच नमुना मानून त्याची मापे घेतली जातात आणि नवे चाक कापून दिले जाते. जवळच्याच जालहळ्ळीत एच.एम.टी.ने १९६१ पासून मनगटी घड्याळे बनविली. ती घड्याळकंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला. तरीही एखाद्याजवळचे 'जनता' घड्याळ चावी दिली की आजही चालते. उत्पादक गेला, वस्तू मालकाजवळ राहिली.

याच शहरात २०२० साली 'कू' हे समाजमाध्यम निघाले. कन्नड, मराठी अशा भाषांतून लोक तेथे लिहू लागले. जुलै २०२४ मध्ये संस्थापकांनी ते बंद होत असल्याचे जाहीर केले. त्याआधी ऑर्कुट २००४ मध्ये सुरू होऊन ३० सप्टेंबर २०१४ रोजी मिटले होते, आणि १ जुलै २०१३ रोजी गूगल रीडर. वाचकाने निवडलेल्या संकेतस्थळांवरचे नवे लेखन एकत्र आणून क्रमाने मांडणारी ही सोय होती. या सर्वांविषयी आजही हळहळ व्यक्त होते. तिला स्मरणरंजन म्हणावे की गतकातरता, हा केवळ शब्दाचा प्रश्न नाही. पहिल्या शब्दात सुखाची कबुली आहे, दुसऱ्यात हानीची तक्रार. आणि तक्रार म्हटली की ती खरी की खोटी, हे तपासावे लागते.

ऑर्कुटच्या बाबतीत स्मरणरंजनाचा वाटा मोठा, हे मान्य करावे. तेथे मित्राविषयी 'टेस्टिमोनियल' लिहिण्याची प्रथा होती; ती आज समोर आली तर लिहिणाराच लाजेल. हरवले ते वय, संकेतस्थळ नव्हे. रीडरची गोष्ट निराळी आहे. वाचनाच्या यादीत कोणाचे तारुण्य गुंतलेले नसते. काय वाचायचे हे तेथे वाचक ठरवीत असे, आणि मुख्य म्हणजे ती यादी संपत असे. सगळे वाचून झाले, आता उठावे, असे सांगणारे पान नंतरच्या माध्यमांत जवळजवळ नाहीसे झाले; क्रम लावण्याचे काम वाचकाकडून निघून मालकाच्या गणितयंत्रणेकडे गेले. ही हळहळ म्हणजे दोन व्यवस्थांची तुलना आहे. काळ बदलला, एवढे म्हणून तिला उत्तर मिळत नाही.

मग मालकाचे काही देणे लागते काय? सेवा फुकट होती, करार नव्हता. तोटा सोसून दुकान उघडे ठेवा, असे कोणी कोणास सांगू शकत नाही. 'कू'च्या चालकांनी इतर कंपन्यांशी बोलणी करून पाहिली, ती फसली. जे बंद पडले आणि जे धनाढ्य कंपनीने बंद केले, त्यांना एकाच तराजूत तोलणे अन्यायाचे ठरेल. परंतु बंद करण्याच्या अधिकारात, ते पुन्हा कोणास चालविता येऊ नये असे ठेवण्याचा अधिकारही येतो का, हा प्रश्न उरतोच.

रीडरच्या वाचकांना आपापली यादी उतरवून घेता आली. फीड पाठविण्याची पद्धती कोणा एकाच्या मालकीची नसल्यामुळे ती यादी दुसऱ्या वाचनसाधनात घालता आली आणि वाचन पुढे चालू राहिले. आजचे पॉडकास्टही बहुतांशी त्याच पद्धतीने श्रोत्यापर्यंत पोहोचतात. येथे पीण्यातल्या त्या दातेरी चाकाचाच न्याय लागू पडला: नमुना हाती होता, चाक कापता आले.

ऑर्कुटच्या सभासदांनाही सप्टेंबर २०१६ पर्यंत आपला मजकूर व छायाचित्रे घेऊन जाण्याची मुभा होती. पण संभाषणाचे चाक असे कापता येत नाही. ज्याने आपले लेखन नेले त्याला आपली अर्धी वाक्ये मिळाली. उरलेली अर्धी दुसऱ्याची होती, आणि त्या दुसऱ्याला ती विसरली गेलेलीच कदाचित बरी वाटत असतील.