पट्टीवरचा पौंड

2017 च्या मार्चअखेर निर्यातदाराकडून द्राक्षांच्या पैशांची पट्टी हातात आली, तेव्हा किलोमागे बारा रुपये कमी होते. मी आधी स्वतःची चूक शोधली. मणी सोळा मिलिमीटरच्या वर फुगला होता, गोडी भरली होती, औषधांच्या अंशाचा अहवाल स्वच्छ होता. माल इंग्लंडात चांगला खपलाही. पण 2016 च्या जूनमध्ये तिथल्या लोकांनी युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला होता, आणि तेव्हा शंभर रुपयांच्या घरात असलेला पौंड माझी द्राक्षं पोचेपर्यंत ऐंशीच्या आसपास आला होता.

वडील नुकसानीच्या दोनच जाती मानत, अस्मानी आणि सुलतानी. गारपीट झाली की तलाठी बांधावर येतो, पंचनामा होतो. सरकारने निर्यात अडवली तर रस्त्यावर बसता येतं. पौंड घसरला तर कुणाच्या दारात जायचं? त्या मतदारांनी माझं वाईट चिंतलं नव्हतं.

त्याच चैत्रात गावात सप्ताह होता, पारायण गीतेच्या अठराव्या अध्यायापर्यंत आलं होतं. कर्माची पाच कारणं तिथे येतात: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवं दैव. मी इतकी वर्षं दैव म्हणजे नशीब समजून मान हलवत होतो. मग कळलं की शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात दैव म्हणजे डोळा-कानांना बळ देणारे सूर्यादी देव असा अर्थ केला आहे. माझा डोळासुद्धा माझ्या एकट्याच्या बळावर पाहत नाही! हे मनात बसलं आणि माझा प्रश्नच बदलला. कर्म एकट्याचं नसेल, तर फळ तरी एकट्याचं कसं?

मग 2014 चा हंगाम आठवला. रुपया आदल्या वर्षी कोसळला होता, पौंड शंभरावर होता. शेजारच्या शिवारात गारा पडल्या, माझी बाग वाचली, आणि पट्टी अशी आली की मी ती माझ्या कष्टाची कमाई मानली. त्यातला एक रुपया मी कुणाला दिला नाही. उलट 2017 च्या खरड छाटणीला सुरगाण्याहून येणाऱ्या मजुरांच्या टोळीचे दिवस मात्र कमी केले. पौंडाची घसरण मी त्यांच्या मजुरीवर ढकलली, आणि ती ढकलताना मला कुठलाही अध्याय आठवला नाही.

चलनामुळे शेतकऱ्याला बसणाऱ्या फटक्याचा युरोपने एकदा विचार केला होता. 1999 ला युरो आला तेव्हा ब्रिटनसारख्या युरोबाहेर राहिलेल्या देशांत चलन वधारून शेतकऱ्याचं अनुदान घटलं, तर भरपाईची सोय ठेवली: तीन वर्षं, दर वर्षी घटती. निम्मी संघाची, उरलेली निम्मी त्या देशाच्या मर्जीची. चलन घसरून जादा मिळालं तर ते परत घेण्याची तरतूद मात्र नव्हती.

मला ती भरपाई अर्धवट वाटते. दोषी सापडला नाही म्हणून शेतकऱ्याला वाऱ्यावर सोडणं अधर्म आहे, आणि फुकटचा चढ खिशात घालून उतारालाच हात पसरणंही अधर्म. चढाच्या वर्षी किलोमागे रुपया-दोन रुपये गावाच्या निधीत जावेत, उताराच्या वर्षी तिथून यावेत, आणि त्यात छाटणी-विरळणी करणाऱ्या टोळीचाही वाटा असावा. सरकारने त्यात भर घालावी, पण सुरुवात आपण करावी.

द्राक्ष बागायतदार बांधवांनो, यंदा पट्टी मिळाली की तिच्या मागे त्या दिवशीचा पौंडाचा भाव लिहून ठेवा, आणि त्याखाली टोळीला दिलेले दिवस.