अनागताचे ज्ञान आणि उद्योगचालकाचे उत्तरदायित्व

जे अद्याप घडलेले नाही त्याचे ज्ञान होऊ शकते काय, आणि होत असेल तर ते असूनही स्वस्थ बसणारा दोषी ठरतो काय, हा प्रश्न जुना असला, तरी संगणकांवर विसंबलेल्या उद्योगांच्या चालकांपुढे तो आज नव्याने उभा आहे. न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायनाने अनुमानाचे दिलेले दाखले रायगड जिल्ह्यातील वीर-महाड परिसरात कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत : आभाळ भरून आल्यावर पाऊस येणार हे कारणावरून कार्याचे, म्हणजे ‘पूर्ववत्’, अनुमान, नदी गढूळ होऊन चढू लागल्यावर वर पाऊस झाला हे कार्यावरून कारणाचे, म्हणजे ‘शेषवत्’. महाबळेश्वरी उगम पावणाऱ्या सावित्री नदीच्या काठी या दुसऱ्या प्रकारावरच विसंबणाऱ्या दुकानदाराला माल माळ्यावर चढवायला सवड क्वचितच मिळते.

सायबर धोक्यांची धोरणात्मक माहिती, म्हणजे कोणता हल्लेखोर कोणत्या हेतूने व कोणत्या वाटेने आपल्यापर्यंत पोचेल याचा, तंत्रज्ञांपेक्षा पैसा आणि प्राधान्य ठरवणाऱ्यांसाठी मांडलेला अंदाज, हे मुख्यतः पहिल्या प्रकारचे अनुमान होय. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ हा विध्वंसक प्रोग्राम युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून सुटला, मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या जगभरच्या यंत्रणेत शिरला, आणि रायगड जिल्ह्यातीलच न्हावा शेवा बंदरात त्या समूहाचे टर्मिनल ठप्प झाले. हल्ल्यामागच्या भांडणाशी या बंदराचा काडीचाही संबंध नव्हता. ढग मात्र दिसत होते : विंडोजमधील संबंधित त्रुटीवरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता आणि मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ने तीच त्रुटी वापरली होती. (नॉटपेट्या चोरलेल्या पासवर्डांच्या आधारेही पसरत असल्याने तेवढ्याने संकट टळलेच असते असे म्हणणे हा हेत्वाभास, म्हणजे फसवा हेतू, ठरेल.)

अनुमान चुकू शकते, हा आक्षेप खराच आहे. पण ‘पुरावा दाखवा, मग खर्च मंजूर करू’ म्हणणारा चालक प्रत्यक्ष प्रमाण मागतो, आणि या क्षेत्रात प्रत्यक्ष म्हणजे खुद्द हल्लाच. त्यामुळे इशारा हाती असताना दैवाला बोल लावणे त्याला शोभत नाही. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे बंधनकारक आहे. ते कर्तव्य घटनेनंतरचे असून तिच्या आधीच्या अनुमानाची जबाबदारी संचालक मंडळाचीच राहते.