तंबाखूची चव आणि खरं-खोटं

भोर तालुक्यातल्या भोंगवलीसारख्या गावात पारावर चार जुनी माणसं बसली की कुणाची तरी चंची सुटते. चिमूटभर तंबाखू तळहातावर येते, नखावर मावेल इतका चुना लागतो, अंगठा फिरतो, वर दोन थापा बसतात आणि भुकटी उडते. मग बोलणं सुरू. निपाणीच्या मालाची सर दुसऱ्याला नाही, असं एक म्हणतो. दुसऱ्याच्या मते कडकपणा सगळा चुन्याचा. तिसरा सांगतो, मळणाऱ्याच्या हातालाच गुण असतो.

या वादात खरं-खोटं काही असतं का? की ज्याची त्याची आवड म्हणून सोडून द्यायचं?

तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट सोडून द्या म्हणाला असता. 1790 च्या ग्रंथात त्यानं कॅनरी बेटांवरच्या वाइनचं उदाहरण दिलंय: ती छान आहे असं कुणी म्हटलं, तर 'मला' हा शब्द जोडायचा, की तंटा मिटला. सौंदर्याबद्दल बोलताना मात्र माणूस सगळ्यांच्या संमतीवर हक्क सांगतो. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा'त (1974) कांटचा हा विचार मराठीत कसून तपासला. खुद्द कांट रोज सकाळी चहाबरोबर पाइप ओढायचा, हे इथे सांगायलाच हवं.

तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमनं 1757 मध्ये सांगितलेली गोष्ट वेगळ्या वाटेनं जाते. जुन्या स्पॅनिश कादंबरीतल्या सँचो पांझाच्या दोन नातेवाइकांनी एकाच पिंपातली दारू चाखली. एकाला चामड्याची चव लागली, दुसऱ्याला लोखंडाची. लोक हसले. पिंप रिकामं झालं, तेव्हा तळाशी चामडी वादी बांधलेली किल्ली निघाली.

पारावरच्या दुसऱ्या गड्याचंही असंच आहे. चुना क्षारधर्मी, त्यानं निकोटिन मोकळं होतं आणि तोंडाच्या अस्तरातून झपाट्यानं रक्तात उतरतं. त्याचं म्हणणं तपासता येतं, आणि ते बरंचसं खरं आहे. पाइपच्या शौकिनांतही हेच चालतं. लटाकिया हे धुरी देऊन मुरवलेलं पान. सीरियाच्या लटाकियाऐवजी सायप्रसचं घातलं, तर मुरलेल्या शौकिनाला मिश्रण बदललेलं जाणवतं. डनहिल कंपनीची मिश्रणं पुढे पीटरसन कंपनीच्या नावानं येऊ लागली. ती तीच आहेत की नाहीत, यावर दोन तट पडले. लेबल झाकून ओढून पाहिलं, तर यातला काही भाग तरी निकालात निघेल.

पण सगळा नाही. किल्ली सापडली म्हणून दोघांच्या जिभा तेज ठरल्या. दारू चांगली होती की वाईट, हे किल्ली सांगत नाही. काय आहे ते ओळखणं आणि ते चांगलं आहे असं ठरवणं, यांत अंतर राहतंच. पहिल्या बाबतीत कांटचा 'मला' फार लवकर येतो. तिथे जाणत्याचं ऐकावं. दुसऱ्या बाबतीत जाणत्यालाही कारणं द्यावी लागतात, आणि ती ऐकून समोरच्याला नाही म्हणता येतं.

तंबाखू घ्यावी का, हा प्रश्न तर जिभेकडे नेताच येत नाही. 2016-17 च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते. चव अचूक ओळखणाऱ्याचं तोंडही कर्करोगापासून सुटत नाही. तोंडात पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम दिसली, तर भोंगवलीकरांनी ती पारावर चर्चेला न ठेवता गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावी.