एकट्याचे हसणे

ख्रिस्ती माणसाने विनोदाच्या कार्यक्रमास जावे काय, आणि तेही एकट्याने? हा प्रश्न आता आपल्या मंडळ्यांपुढे आहे. बुऱ्हाणपुरातील मुलेमुली शिक्षणासाठी वा नोकरीसाठी इंदूर, पुणे, मुंबईस जातात. तेथे विनोदाचे महोत्सव भरतात. एकच माणूस माईकपुढे उभा राहून तासभर बोलतो आणि सभागृह हसत राहते. ह्याला स्टँड-अप कॉमेडी म्हणतात. सोबत कोणी नसले तर आपला तरुण एकटाच तिकीट काढून जाऊन बसतो. घरी वडीलधाऱ्यांस काळजी वाटते.

एकट्याने बोलून शेकडोंना हसविणे मराठी माणसास नवे नाही. पु. ल. देशपांडे यांनी १९६१ साली 'बटाट्याची चाळ' एकट्याने रंगमंचावर उभी केली. पुढे लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' मध्ये पन्नासांहून अधिक पात्रे एकट्याने रंगविली. आणि आपल्या लक्ष्मीबाई टिळक! १८९५ साली टिळकांचा बाप्तिस्मा झाला आणि पतिपत्नींची काही वर्षे ताटातूट झाली. एवढे दुःख सोसलेल्या ह्या बाईंनी 'स्मृतिचित्रे' लिहिली ती हसतहसत, आणि सर्वांत अधिक त्या स्वतःलाच हसल्या. तेव्हा हसणे हे पाप नव्हे. प्रश्न इतकाच की आपण कोणाला हसतो, आणि कसे हसतो.

शास्त्रात एकटीने हसलेली एक स्त्री आहे. उत्पत्तीच्या १८ व्या अध्यायात सारा तंबूच्या आड मनातल्या मनात हसली. कोणी ऐकले नाही, पण देवाने ऐकले. त्याने विचारताच ती भ्याली व नाकबूल झाली. तरी देवाने तिचे हसणे काढून घेतले नाही, ते बदलले. मुलगा झाला, त्याचे नाव इसहाक, म्हणजेच हास्य. आणि २१ व्या अध्यायात तीच सारा म्हणते की ऐकणारे सर्व आपल्याबरोबर हसतील. अविश्वासाचे हसणे आनंदाचे झाले, आडोशाचे हसणे सर्वांचे झाले.

ह्याउलट गर्दीचे हसणे पाहा. याईराच्या घरी जमलेले लोक येशूला हसले. शिपायांनी त्याला जांभळे वस्त्र व काट्यांचा मुकुट घालून त्याची थट्टा केली. त्यांतील एकेकाला बाजूला घेऊन विचारले असते, तर किती जण हसले असते? गर्दीत माणूस शेजाऱ्याकडे पाहून हसतो.

म्हणून मला वाटते, एकट्याने जाण्यात एक लाभ आहे. मित्र बरोबर असला म्हणजे आपण त्याचे हसणे उसने घेतो. एकटा माणूस हसला तर ते हसणे त्याचे स्वतःचे असते, आणि न हसण्यासही तो मोकळा असतो.

पण धोकाही तेथेच आहे. अनोळखी लोकांत आपल्याला कोण ओळखतो? पेत्रही अंगणातील शेकोटीपाशी असाच अनोळखी लोकांत एकटा बसला होता, आणि त्याच्या तोंडून तीनदा नकार निघाला. दुसऱ्याच्या जातीवर, धर्मावर, काळ्या रंगावर, अपंग देहावर विनोद झाला आणि सारे हसतात म्हणून आपण हसलो, तर तोही एक लहानसा नकारच. ज्याच्यावर विनोद झाला तो शेजारच्या खुर्चीवर बसला असता तर आपण हसलो असतो काय? एवढी कसोटी पुरे. उलट विनोद पाळकांवर वा आपल्या मंडळीवर झाला, तर लगेच संतापू नये. त्यात खरे असेल तर हसावे व घरी येऊन सुधारावे.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांस माझी विनंती आहे. मुलांना "जाऊ नका" एवढेच सांगून थांबू नका; जाण्यास बंदी केलेला मुलगा चोरून जातो आणि चोरून हसतो. सारेची गोष्ट वर्गात सांगा. मग त्यांना विचारा, ह्या आठवड्यात तुम्ही कोणाला हसलात? त्याला ते कळले असते तर त्याला कसे वाटले असते?

काळोख्या सभागृहात आपल्या खुर्चीकडे कोणाचेही लक्ष नसते, असे आपण समजतो. तंबूतील हसणे ज्याने ऐकले त्याला तेही ऐकू येते. त्याच्यासमक्ष जे हसता येईल, ते हसणे निर्भयपणे आणि पोटभर हसावे.